‘घटक तोच आहे’ म्हणून भागत नाही: अवयव प्रत्यारोपणानंतरच्या औषधांबाबत खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य, महाराष्ट्र राज्य
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण, महाराष्ट्र राज्य
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण

विषय: प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना एकाच बनावटीचे (म्हणजे एकाच कंपनीचे) औषध, औषधाच्या पातळीची तपासणी आणि अखंड पुरवठा मिळण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

आम्ही प्रत्यारोपण समन्वयक, औषधनिर्माते आणि रक्तातली औषधाची पातळी मोजणारे तंत्रज्ञ आहोत. शस्त्रक्रिया सर्जन करतात. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत महिन्याच्या महिन्याला रुग्णाशी गाठ पडते ती आमची. आज लिहितो आहोत ते औषधाच्या खिडकीवर रोज कानावर पडणाऱ्या एका वाक्यामुळे. रुग्ण रिकामी पट्टी काउंटरवर ठेवतो आणि ‘हीच द्या’ म्हणतो. आतून उत्तर येते, ‘ती आता येत नाही, ही घ्या. घटक तोच आहे.’

घटक तोच असतो, हे खरेच आहे. पॅरासिटामॉलच्या बाबतीत एवढ्यावर भागते. टॅक्रोलिमसच्या बाबतीत भागत नाही. त्याची कारणे जरा तपशिलात मांडतो, कारण खरेदीच्या फायलीत ती कुठेच येत नाहीत.

टॅक्रोलिमस हे आज बहुतेक किडनी आणि यकृत प्रत्यारोपणांचे मुख्य औषध. सोबत मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन. तिन्ही मिळून शरीराची प्रतिकारशक्ती इतकीच दाबायची की परका अवयव ती खाणार नाही आणि साध्या जंतूपुढे माणूसही आडवा होणार नाही. या दोन्हींमधली सुरक्षित पातळीची पट्टी फार अरुंद आहे. किडनीच्या रुग्णात पहिल्या तीन महिन्यांत सकाळच्या डोसाआधीची पातळी साधारण ८ ते १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि वर्ष उलटल्यावर ५ ते ७ च्या आसपास ठेवतात. केंद्रागणिक थोडा फरक असतो. पातळी ३ वर आली तर शरीर अवयव नाकारायला लागते. १५ वर गेली तर हात थरथरतात, पोटॅशियम आणि साखर चढते, आणि ज्या किडनीसाठी हे औषध घ्यायचे तिलाच ते इजा करते. गंमत म्हणा किंवा दुर्दैव, दोन्ही बाजूंना रिपोर्टवर एकच गोष्ट दिसते: क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचे काम दाखवणारा रक्तातला आकडा, वाढलेला. औषध कमी पडले की जास्त झाले, हे पातळी मोजल्याशिवाय निष्णात किडनीतज्ज्ञालाही सांगता येत नाही.

आता बनावटीचा प्रश्न. जेनेरिक औषधाला मान्यता देताना ते मूळ औषधाशी ताडून पाहतात. रक्तातल्या प्रमाणाचे गुणोत्तर, त्याच्या विश्वासार्हतेच्या सीमांसह, ८० ते १२५ टक्क्यांच्या चौकटीत बसले की झाले. टॅक्रोलिमससाठी ही चौकट सैल आहे असे ठरवून युरोपने शोषणाच्या एकूण प्रमाणापुरती ती ९० ते १११ वर आणली. शिवाय तुलना होते ती मूळ औषधाशी. एका जेनेरिकची दुसऱ्या जेनेरिकशी तुलना कोणी करत नाही, आणि आपल्या खिडकीवर नेमकी तीच अदलाबदल चालते. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०१२ मध्येच सांगितले की टॅक्रोलिमस फक्त ब्रँडच्या नावाने लिहावे आणि ब्रँडच्या नावानेच द्यावे. अमेरिकेत २०२३ मध्ये एका कंपनीच्या टॅक्रोलिमस कॅप्सूलचा ‘बदलून देण्यास योग्य’ हा दर्जा काढून घेतला गेला, कारण त्या कॅप्सूलने रक्तातली कमाल पातळी मूळ औषधापेक्षा वर जात होती. आपल्याकडेही राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये जेनेरिक नावे लिहिण्याची सक्ती करणारे नियम काढले, तेव्हा अशा अरुंद पट्टीच्या औषधांना त्यातून सूट ठेवली होती. ते नियम त्याच महिन्यात स्थगित झाले, हा भाग वेगळा. पण ही औषधे इतरांसारखी नाहीत, एवढे आयोगाने मान्य केले होते. खरेदीच्या निविदेत मात्र ती खोकल्याच्या औषधाशेजारी, त्याच अटींवर बसतात.

गैरसमज नको म्हणून स्पष्ट लिहितो: आमचा जेनेरिकला विरोध नाही. भारतीय कंपन्यांनी टॅक्रोलिमस बनवले नसते तर आपल्याकडच्या बहुसंख्य रुग्णांना ते परवडलेच नसते. चांगले जेनेरिक सुरुवातीपासून दिले, त्यावर पातळी बसवली, की ते वर्षानुवर्षे उत्तम चालते. घातक आहे ती न सांगता, न मोजता, दर दोन-तीन महिन्यांनी होणारी बदली. पातळी सतत खाली-वर होत राहिलेल्या रुग्णांचे अवयव लवकर निकामी होतात, हे आता सर्वमान्य आहे. सरासरी ठीक असूनही.

पहिली तक्रार ही. खरेदी फक्त घटकाच्या नावाने आणि सर्वांत कमी दराने होते. दरकरार बदलला की बनावट बदलते, मधे तुटवडा पडला की स्थानिक खरेदीतून तिसरीच बनावट येते. रुग्णाच्या कार्डावर याची नोंद नाही, डॉक्टरला पत्ता नाही. महिन्याने क्रिएटिनिन १.२ वरून १.८ झालेले दिसते तेव्हा बायोप्सी, मग नसेतून ५०० मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन तीन दिवस, आणि तेवढ्याने न भागल्यास एटीजी, हे प्रतिकारशक्ती दाबणारे महागडे इंजेक्शन. एटीजीच्या एका कोर्सच्या पैशात त्या रुग्णाची कितीतरी महिन्यांची टॅक्रोलिमस आली असती. स्वस्त निविदेचा हिशेब इथपर्यंत कोणी आणत नाही, कारण गोळीचे पैसे एका शीर्षाखाली पडतात आणि एटीजीचे दुसऱ्या.

दुसरी तक्रार खिडकीवरच्या चुकांची. या चुका निष्काळजी माणसे करतात असे नाही. त्यांना कोणी शिकवलेलेच नसते.

टॅक्रोलिमस दोन प्रकारांत मिळते. साधे, दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने. आणि सावकाश सुटणारे, दिवसातून एकदा. खोक्यावर नाव जवळपास एकच, फक्त शेवटी बारीक अक्षरांत ‘एक्सएल’ किंवा तत्सम शेपूट. दोनदा घेणाऱ्याच्या हातात एकदाचे खोके पडले, किंवा उलट झाले, की चार दिवसांत पातळीचे तीनतेरा वाजतात. मायकोफेनोलेटचेही तसेच. मोफेटिल ५०० मिलिग्रॅम आणि सोडियम ३६० मिलिग्रॅम हे साधारण सारख्या ताकदीचे. पण ३६० ऐवजी ५०० दिल्यावर रुग्णाला वाटते डोस वाढला, आणि तो आपल्या मनाने एक गोळी कमी करतो. मग ०.५ मिलिग्रॅमची कॅप्सूल संपलेली असते, तेव्हा १ मिलिग्रॅमची देऊन ‘अर्धी घ्या’ असे सांगितले जाते. कॅप्सूल अर्धी कशी करायची? सकाळी १.५ आणि रात्री १ घेणाऱ्या माणसाचा अख्खा डोस या अर्ध्यावर उभा असतो. ०.५ ची कॅप्सूल किरकोळ समजून मागणीपत्रात सर्वांत शेवटी टाकली जाते, आणि सर्वांत आधी तीच संपते.

कात्री हा आणखी एक विषय. सात दिवसांच्या गोळ्या द्यायच्या म्हणून पट्टी कापतात. बॅच क्रमांक आणि मुदत छापलेला तुकडा एकाकडे जातो, कोरा तुकडा दुसऱ्याकडे. टॅक्रोलिमसला दमट हवा सोसत नाही, म्हणून कित्येक बनावटींच्या पट्ट्या ॲल्युमिनियमच्या पाकिटात बंद असतात. ते पाकीट फोडून, सुट्या कॅप्सूल कागदी पुडीत बांधून, जुलैत कोकणात पाठवणे म्हणजे काय, हे आपणच ठरवा.

तिसरी तक्रार पातळी मोजण्याची, आणि आमच्या मते सगळ्यांत मोठी हीच. औषध फुकट आणि चाचणी विकत, अशी स्थिती असेल तर चाचणी होत नाही. खासगी प्रयोगशाळेत एका पातळीला हजार रुपयांच्या वर जातात. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या माणसाला त्यात नागपूरचे किंवा नाशिकचे भाडे आणि एक बुडालेली मजुरी धरा. म्हणून तो फक्त क्रिएटिनिन करतो, जे तालुक्याला होते. क्रिएटिनिन हा घरात धूर झाल्यावर वाजणारा भोंगा आहे. पातळी म्हणजे शेगडीची कळ किती फिरवली ते पाहणे.

चाचणी झाली तरी ती बरोबर व्हावी लागते. दोनदाच्या औषधात शेवटच्या डोसानंतर बारा तासांनी आणि पुढचा डोस घेण्याआधी रक्त काढायचे. रुग्ण सकाळी आठची गोळी घेऊन रांगेत उभा राहिला, अकराला नंबर लागला, तर आकडा भलताच मोठा येतो. तो पाहून डॉक्टर डोस कमी करतात, आणि आठ दिवसांत खरोखरच औषध कमी पडते. रक्त जांभळ्या झाकणाच्या, ईडीटीए असलेल्या नळीत घ्यायचे, कारण टॅक्रोलिमस तांबड्या पेशींना चिकटून राहते आणि मोजमाप संपूर्ण रक्तात होते. क्रिएटिनिनच्या नळीतून वेगळा केलेला सीरम याला चालत नाही. तरी तो पाठवला जातो, आणि नमुना परत येईपर्यंत आठवडा गेलेला असतो. चिठ्ठीवर ‘शेवटची गोळी किती वाजता’ ही एक ओळ छापलेली असती तर यातला निम्मा गोंधळ टळला असता.

चौथी तक्रार क्षयरोगाच्या गोळ्यांची. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला आपल्या देशात क्षयरोग होणे नवल नाही. तो जवळच्या क्षयरोग केंद्रात जातो, तिथले कर्मचारी नियमाप्रमाणे एकत्रित गोळी सुरू करतात. त्या गोळीत रिफॅम्पिसिन असते. रिफॅम्पिसिन यकृतातली आणि आतड्यातली ती यंत्रणा चेतवते जी टॅक्रोलिमस मोडून टाकते. आठवड्या-दोन आठवड्यांत पातळी तळाला जाते. ती जागेवर ठेवायला डोस तिप्पट-चौपट करावा लागतो, कधी त्याहून जास्त. मग सहा महिन्यांनी रिफॅम्पिसिन थांबते, यंत्रणा दोनेक आठवड्यांत शांत होते, आणि तोच वाढवलेला डोस विष होतो. क्षयरोग बरा आणि किडनी गेली, अशी ही बेरीज. मार्ग आहेत: रिफॅब्युटिन वापरता येते, काही रुग्णांत रिफॅम्पिसिन वगळून क्विनोलोनवर आधारलेली योजना करता येते. पण ते क्षयरोग केंद्राने एकट्याने ठरवायचे नाही आणि प्रत्यारोपण केंद्रानेही नाही. दोघांनी बोलायला हवे, आणि सध्या दोघांमधला निरोप्या म्हणजे तो तापाने फणफणलेला रुग्ण.

उरलेल्या औषधांचे थोडक्यात. बुरशीवरची फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल आणि जंतूंवरचे क्लॅरिथ्रोमायसिन टॅक्रोलिमसची पातळी वर नेतात. व्होरिकोनॅझोल सुरू करताना टॅक्रोलिमस एकतृतीयांशावर आणावे लागते. फिटवरची फिनिटॉइन, कार्बामॅझेपिन ती खाली नेतात. रक्तदाबावरचे डिल्टियाझेम तर कित्येकदा मुद्दामच दिलेले असते, टॅक्रोलिमस कमी लागावे आणि पैसे वाचावेत म्हणून. गावचे डॉक्टर रक्तदाबाची ‘जुनी’ गोळी बदलून अम्लोडिपिन देतात आणि पातळी पडते. ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे जुने औषध घेणाऱ्याला युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल लिहिले तर पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात. पित्तावरचे पातळ औषध मायकोफेनोलेटच्या जोडीने घेतले तर मायकोफेनोलेट नीट शोषले जात नाही. गुडघेदुखीवरचे डायक्लोफिनॅक किडनीला थेट मारते. जुलाबात पातळी कमी होईल असे वाटते. टॅक्रोलिमसची उलट चढते. गणपतीत घराघरांत येणाऱ्या पपनसातही ग्रेपफ्रूटसारखीच, पातळी चढवणारी रसायने असतात, तेही टाळावे लागते. आणि प्रतिकारशक्ती ‘वाढवणारे’ गुळवेलीचे काढे ज्यांची प्रतिकारशक्ती आम्ही जपून दाबून ठेवली आहे त्यांना देऊ नयेत, एवढे कोणत्याही शासकीय जाहिरातीत एका ओळीत छापता येईल.

मायकोफेनोलेटने गर्भात व्यंग येते. गर्भधारणेच्या किमान सहा आठवडे आधी ते थांबवून दुसरे औषध बसवावे लागते. हे तरुण स्त्री-रुग्णाला खिडकीवर कोण सांगते? उत्तर द्यायला आम्हालाही अवघड जाते.

आता पैशांचे. जुलै २०२३ मध्ये शासनाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेली. निर्णय चांगला होता आणि त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. पण पॅकेज शस्त्रक्रियेभोवती आखलेले असते, आणि गोळ्या जन्मभर लागतात. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात गरीब रुग्णाला औषधांसाठी महिना १०,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे, तीही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात झाली असेल तर आणि एक वर्ष. तेरावा महिना कुणाच्याच हिशेबात नाही. तेराव्या महिन्यात माणूस काय करतो ते आम्हाला ठाऊक आहे. दोनदाची गोळी एकदा घेतो, पंधरा दिवसांची पट्टी महिनाभर पुरवतो, आणि त्याला काहीही होत नाही. दुखत नाही, लघवी होते, भूक लागते. नाकारणे मुकाट्याने चालू असते.

अवयव गेला की तोच रुग्ण डायलिसिसवर येतो: आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, वर्षाला दीडशेच्या वर फेऱ्या. ते डायलिसिस राष्ट्रीय कार्यक्रमात आणि योजनेत मोफत आहे, एसटीच्या प्रवासालाही सवलत आहे, आणि असायलाच हवी. म्हणजे किडनी चालू असेपर्यंत तिच्या गोळीला पैसे नाहीत, बंद पडली की यंत्राला आहेत. अमेरिकेनेही हीच चूक बरीच वर्षे केली. तिथल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यातून ज्यांना केवळ किडनीच्या आजारामुळे संरक्षण मिळाले होते, त्यांचा औषधखर्च प्रत्यारोपणानंतर ३६ महिन्यांनी बंद होत असे. डिसेंबर २०२० मध्ये कायदा बदलला आणि १ जानेवारी २०२३ पासून, दुसरा विमा नसलेल्यांना, ही औषधे मुदतीविना मिळू लागली. शिवाय एकदा अवयव नाकारला गेला की रक्तात प्रतिपिंडे तयार होतात आणि दुसरी किडनी जुळणे कठीण होऊन बसते. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर या चार विभागीय समन्वय केंद्रांपैकी एकाच्या प्रतीक्षायादीत त्या माणसाचे नाव पुन्हा लागते, आणि अजून पहिलीच मिळाली नाही अशांच्या रांगेत तो भर घालतो. कुणाच्या तरी आईने किंवा एखाद्या मेंदूमृत माणसाच्या घरच्यांनी दिलेला अवयव असतो हा. त्याची राखण निविदेतल्या तळाच्या दरावर सोडली आहे.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. टॅक्रोलिमस आणि त्याच्याच गटातले सायक्लोस्पोरिन ही ‘अरुंद पट्टीची औषधे’ म्हणून खरेदीत वेगळी काढावीत. दरकरार किमान तीन वर्षांचा असावा, आणि नवा करार झाला तरी जुन्या रुग्णांना जुनी बनावट मिळावी. नवी बनावट नव्या रुग्णांपासून सुरू करावी.

२. बनावट बदलणे टळतच नसेल तर प्रत्यारोपण केंद्राला आधी लेखी कळवावे, आणि बदलीनंतर पाच ते सात दिवसांत पातळीची चाचणी मोफत व्हावी. चाचणीची सोय नसेल तर बदल करू नये.

३. महालॅबची गाडी प्राथमिक आरोग्य केंद्रांतून नमुने नेतेच. त्या पेटीत टॅक्रोलिमसची एक जांभळी नळी जाऊ द्या. चिठ्ठीवर तीन रकाने असावेत: शेवटच्या डोसाची वेळ, रक्त काढल्याची वेळ, औषधाची बनावट.

४. जिल्हा रुग्णालयांत प्रत्येक नोंदणीकृत रुग्णामागे दोन महिन्यांचा साठा राखीव ठेवावा. ०.५ मिलिग्रॅमसह. पट्टी कापू नये, ३० दिवसांच्या पटीतच द्यावे.

५. क्षयरोगाचे उपचार सुरू करताना मधुमेह आणि एचआयव्हीची विचारणा होते, तशी ‘अवयव प्रत्यारोपण झाले आहे का’ ही विचारणा सक्तीची करावी. उत्तर ‘हो’ असेल तर प्रत्यारोपण केंद्राशी बोलल्याशिवाय रिफॅम्पिसिनची पहिली गोळी देऊ नये.

६. औषधे आणि पातळीची चाचणी यांना जन आरोग्य योजनेत मुदत नसलेले, वेगळे पॅकेज असावे. शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात झाली की खासगी, दुसऱ्या राज्यात झाली की इथे, ही अट नको.

७. वर्षातून एकदा सरकारी औषधनिर्मात्यांचे एका दिवसाचे प्रशिक्षण घ्यावे. शिकवायला आम्ही येऊ. मानधन नको.

यातल्या काही मागण्यांना अर्थसंकल्प लागेल, वेळ लागेल, हे आम्ही जाणतो. पण एका गोष्टीला पैसा लागत नाही. तोपर्यंत निदान एक परिपत्रक काढा: खिडकीवर टॅक्रोलिमसची बनावट बदलून द्यावी लागली, तर देणाऱ्याने रुग्णाच्या कार्डावर नव्या बनावटीचे नाव, बॅच क्रमांक आणि तारीख लिहावी, खाली सही करावी, आणि रुग्णाला सांगावे की पुढच्या आठवड्यात सकाळची गोळी न घेता, ती खिशात ठेवून, लेव्हलसाठी यायचे आहे.

कळावे,

आपले,
राज्यातील काही प्रत्यारोपण समन्वयक, औषधनिर्माते व प्रयोगशाळा तंत्रज्ञ